सरांची वही आणि वायल्डरचे कोल्हापूर

सरांना जाऊन दोन वर्षे होत आली होती. पुण्यातील महाविद्यालयांच्या वसतिगृहांत त्यांनी तीसहून अधिक वर्षे पवित्र शास्त्राचे अभ्यासगट चालवले, तेही दिवसभर कार्यालयात कारकुनी करून आणि संध्याकाळी सायकलवर, पुढे स्कूटरवर फिरून. त्यांना ना पाळकाची दीक्षा होती, ना एखाद्या संस्थेचे पद. दरवर्षी ते आम्हाला म्हणत, ‘‘एकदा तुम्हाला कोल्हापूरला नेतो, वायल्डरच्या गावी.’’ ते नेणे राहून गेले. त्यांच्या पत्नीने गेल्या डिसेंबरात त्यांची एक वही ताईच्या हाती दिली, आणि त्या वहीच्या पहिल्याच पानावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात सहलीचा बेत लिहिलेला सापडला: ‘कोल्हापूर – वायल्डर. कोडोली. पन्हाळा. मिरज. पुणे – पंचहौद. शेवटी चहा.’ तारीखही होती, २ ऑगस्ट. साल मात्र नव्हते.

ताई, दादा आणि मी असे तिघे निघालो. आम्ही एकमेकांचे नातेवाईक नाही. सरांच्या गटात जो आधी आला तो दादा, जी आधी आली ती ताई, एवढाच हा नात्याचा हिशेब आहे.

पहिला दिवस, शनिवार : कोल्हापूर

रॉबर्ट पार्मली वायल्डर याचा जन्म २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरात झाला. विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती कार्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नाव नवे नाही, कारण अमेरिकेतील ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही विद्यार्थ्यांना परदेशी सेवाकार्यासाठी उभे करणारी चळवळ ज्याच्या धडपडीतून उभी राहिली तो हाच. जन्मगावी मात्र त्याची ओळख पुसट झाली आहे, आणि हे आम्हाला पहिल्या तासाभरातच कळून चुकले. ज्या रिक्षावाल्याला आम्ही वायल्डर मेमोरियल चर्चचा पत्ता सांगितला त्याला न्यू शाहूपुरीतील चर्च अचूक माहीत होते, पण वायल्डर हे कुणाचे आडनाव असेल याची त्याला कल्पना नव्हती. ‘‘आडनाव हाय व्हय ते? मला वाटलं, इंग्रजीत काहीतरी अर्थ असंल,’’ असे म्हणून तो आपल्याच बोलण्यावर हसला.

पाऊस धो धो म्हणावा असा नव्हता, पण थांबतही नव्हता. ऑगस्टमधील कोल्हापुरात गप्पांची सुरुवात तब्येतीने होत नाही, पंचगंगेच्या पातळीने होते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. आम्ही उतरलो त्या घरातील आजोबांनी चहाचा कप हाती देण्याआधी आम्हाला त्या दिवशीची पातळी सांगितली आणि मगच आमची चौकशी केली.

चर्चच्या व्हरांड्यात बसून दादाने वायल्डर घराण्याची हकिगत सांगितली. रॉबर्टचे वडील रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेतील व्हर्मांट राज्याचे. ते १८४६ मध्ये मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले, काही वर्षे अहमदनगरला राहिले आणि १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापूर संस्थानात दाखल झाले. स्वागत काही प्रेमाचे नव्हते. या परक्या माणसाला घालवून द्यावे असा अर्ज गावातील मंडळींनी केला होता. तरीही ते टिकले, शाळा काढल्या, आणि पत्नी एलायझा यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्या मिशनरी मंडळाने त्यांना पाठवले होते त्याच्याशी त्यांचे बिनसले, तेव्हा १८६१ मध्ये ते कोणत्याही मंडळाच्या आधाराविना, स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापुरात परतले. रॉबर्टचा जन्म या ओढगस्तीच्या काळातला आहे. १८७० मध्ये हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता.

सरांना या गोष्टीतील एक मुद्दा फार जवळचा वाटे. मंडळाने हात काढून घेतल्यावरही जो माणूस परत येतो त्याच्या घरात वाढलेल्या मुलाला, कार्य हे कार्यालयाच्या परवानगीने सुरू होत नसते, हे कुणी वेगळे शिकवावे लागत नाही, असे ते म्हणत. यात सरांचा स्वतःचा अनुभवही मिसळलेला असणार, कारण वसतिगृहाच्या रेक्टरांची परवानगी मिळवताना त्यांच्या आयुष्यातील कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या.

ज्यांना ऑगस्टात जायचे आहे त्यांनी छत्रीच्या भरवशावर राहू नये, रेनकोट आणि बदली चप्पल न्यावी. चर्च पाहायचे असेल तर आदल्या दिवशी पाळकांशी किंवा देखभाल करणाऱ्यांशी बोलून जावे. इतर वेळी दार बंद असू शकते, आणि कुणाच्या तरी दुपारच्या झोपेवर आपली श्रद्धा लादू नये.

दुसरा दिवस, रविवार : उपासना

महिन्याचा पहिला रविवार असल्याने प्रभुभोजन होते. पावसाच्या आवाजात पेटी आणि तबला आधी जरा चाचपडले, मग ‘उपासना संगीता’तील गीत सुरू झाले आणि सगळी मंडळी एका सुरात आली. पुढच्या बाकावर पांढऱ्या साड्या नेसलेल्या तीन वृद्ध स्त्रिया पुस्तक न उघडता गात होत्या. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची इवलीशी पेली हातात आली तेव्हा दादाचे डोळे मिटलेले होते आणि ताई मात्र वहीकडे पाहत होती.

ती वही येथे जरा जवळून दाखवली पाहिजे. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची जुनी वही आहे ती. जमा आणि नावे या रकान्यांचा सरांनी वेगळाच उपयोग केला होता. डाव्या रकान्यात विद्यार्थ्याचे नाव, महाविद्यालय आणि खोली क्रमांक. उजव्या रकान्यात त्याच्यासाठी कोणती प्रार्थना करायची ते. पण ‘प्रार्थना’ म्हणून जे लिहिले आहे ते वाचून हसू येते. ‘वडिलांशी बोलत नाही.’ ‘मेसचे पैसे थकले.’ ‘फार वाद घालतो, घालू द्यावा.’ माझ्या नावापुढे ‘खोली १७. गणित कच्चे. रात्री भूक लागते’ असे लिहिले आहे. त्या काळी सर रात्री नऊ वाजता डब्यात चार पोळ्या घेऊन का यायचे, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले.

उपासनेनंतर एका कुटुंबाने आग्रहाने जेवायला नेले. पांढरा रस्सा आधी आला, तांबडा मागाहून, आणि ‘पाव्हणं, रस्सा प्यायचा असतोय, भातावर घ्यायच्या आधी’ ही सूचनाही मिळाली. त्या घरातील अकरावीत शिकणाऱ्या मुलीने विचारले, ‘‘तो रॉबर्ट इथून गेल्यावर नेमकं काय केलं त्यानं?’’ मग भात निवेपर्यंत मी बोलत राहिलो.

वायल्डर कुटुंब कोल्हापूर सोडून अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहायला गेले. रॉबर्टने तेथील महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८३ मध्ये मित्रांसह परदेशी सेवाकार्याची आस असलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट सुरू केला. रविवारी दुपारी हा गट वायल्डरांच्या घरी जमत असे. बैठकीच्या खोलीत विद्यार्थी चर्चा करीत आणि शेजारच्या खोलीत रॉबर्टची मोठी बहीण ग्रेस प्रार्थना करीत बसलेली असे. एक हजार विद्यार्थी सेवेसाठी पुढे यावेत, अशी त्या बहीणभावांची मागणी होती. १८८६ च्या उन्हाळ्यात सुप्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्या निमंत्रणावरून मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे ८९ महाविद्यालयांचे २५१ विद्यार्थी शिबिरासाठी जमले. शिबिर परदेशी सेवेसाठी भरलेलेच नव्हते. तो विषय रॉबर्टने आणि त्याच्या काही सोबत्यांनी एकेका विद्यार्थ्याशी, झाडाखाली, चालता चालता, जेवणाच्या रांगेत बोलून तेथे आणला. एका संध्याकाळी दहा देशांशी नाते असलेल्या विद्यार्थ्यांनी थोडक्यात बोलून ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य आपापल्या भाषेत म्हटले. शिबिर संपले तेव्हा शंभर जणांनी परदेशी जाण्याची तयारी दर्शवली होती. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट होता, ज्याला पुढे १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘‘म्हणजे नाव मॉटचं झालं,’’ ती मुलगी म्हणाली. तिचे हे वाक्य सरांनी ऐकायला हवे होते, कारण त्यांचा आवडता मुद्दा तिने चार शब्दांत मांडला होता. पुढील शैक्षणिक वर्षात रॉबर्टने आणि लाहोरच्या एका मिशनऱ्याचा मुलगा असलेल्या जॉन फोरमनने अमेरिका आणि कॅनडातील महाविद्यालये पालथी घातली, २,१०६ विद्यार्थ्यांची नावे नोंदवली, आणि १८८८ मध्ये चळवळीला रीतसर रूप आले तेव्हा अध्यक्षाची खुर्ची मॉटकडे गेली. या चळवळीतून पुढील काही दशकांत २०,००० हून अधिक तरुण-तरुणी परदेशी गेल्या. रॉबर्टची प्रकृती नाजूक होती, छातीचे दुखणे होते, आणि सभेत गर्जना करणारा त्याचा पिंडही नव्हता. तो शेजारी बसून बोलणारा माणूस होता.

तिसरा दिवस, सोमवार : कोडोली आणि पन्हाळा

वारणेच्या बाजूला असलेले कोडोली हे जुन्या मिशनचे एक महत्त्वाचे ठाणे होते, आणि तेथील ख्रिस्ती रुग्णालय अनेक गावांना ठाऊक आहे. उसाच्या शेतांमधून जाताना दादाने गाडी दोनदा चुकीच्या फाट्यावर घातली. त्यापलीकडे प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. कोडोलीत एका निवृत्त परिचारिकाबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवून घेतले. त्या सरांना ओळखत नव्हत्या, वायल्डरलाही नाही, पण ग्रेसचे नाव काढताच म्हणाल्या, ‘‘बायका गावोगावी जायच्या, त्यांची नावं पाटीवर कशी येतील? पाटी लावणारे पुरुष.’’

ताई दिवसभर याच एका गोष्टीवर बोलत राहिली, आणि तिचे म्हणणे मला पटते. रॉयल वायल्डर १८८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यानंतर एलायझा आणि ग्रेस या दोघी पुन्हा कोल्हापूरच्या परिसरात आल्या आणि येथील स्त्रियांमध्ये, खेड्यांमध्ये काम करीत राहिल्या. रॉबर्टने जगभरच्या विद्यार्थ्यांना जे आवाहन केले ते त्याच्या बहिणीने आधी प्रत्यक्ष अंगीकारले होते. इतिहास लिहिताना तिला ‘शेजारच्या खोलीत प्रार्थना करणारी’ एवढेच स्थान मिळते. सरांच्या वहीत त्यांच्या पत्नीचे नाव कोठेच नाही, हेही ताईने त्याच वेळी दाखवून दिले. त्या चार पोळ्या कुणी लाटल्या होत्या, हा प्रश्न तिने मला विचारला नाही, पण माझ्याकडे पाहिले.

पन्हाळ्यावर दाट धुके होते. तीन दरवाजा अगदी हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसला नाही, आणि सज्जा कोठीवरून दरी पाहण्याऐवजी आम्ही पांढऱ्या भिंतीकडे पाहत उभे राहिलो. प्रेस्बिटेरियन मिशनचे एक ठाणे या गडावरही होते. भाजलेले कणीस खाताना दादाने विषय काढला की ‘याच पिढीत जगाला सुवार्ता’ हे त्या चळवळीचे घोषवाक्य आज कसे वाचायचे. मला त्या वाक्यातील घाई खटकते. ज्या जहाजांनी हे तरुण पूर्वेकडे आले त्याच जहाजांनी साम्राज्याचे अधिकारीही येत होते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना आपण जगाला द्यायला निघालो आहोत याची जितकी खात्री होती तितकी घ्यायलाही निघालो आहोत याची नव्हती. दादाचे म्हणणे वेगळे पडले. त्याच्या मते घोषवाक्याचा अर्थ सगळे जग ख्रिस्ती करून टाकू असा नव्हता, तर प्रत्येक पिढीची जबाबदारी त्याच पिढीने उचलावी असा होता. वाद मिटला नाही, आणि मला वाटते सरांनी वहीत ‘घालू द्यावा’ असेच लिहिले असते.

पावसाळ्यात पन्हाळ्याला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करावी, कारण घाटात दरड येण्याचे किंवा रस्ता खचण्याचे प्रसंग घडलेले आहेत. कोल्हापूरहून एसटीची सोय आहे आणि अंतर वीसेक किलोमीटरच आहे, तेव्हा धुक्यात स्वतः गाडी चालवण्याचा हट्ट नसावा.

चौथा दिवस, मंगळवार : मिरज

मिरजेत आम्ही अर्धा दिवसच होतो. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडातील डॉक्टर १८८९ मध्ये, म्हणजे माउंट हर्मनच्या शिबिरानंतर अवघ्या तीन वर्षांनी, या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून नावारूपाला आले त्याची सुरुवात तेथून झाली. सरांच्या गटातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही गोष्ट हमखास ऐकावी लागे. तंबोऱ्यांच्या दुकानांकडे जायला वेळ उरला नाही, याची चुटपुट मात्र लागली. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघालो.

पाचवा दिवस, बुधवार : पुणे

रॉबर्ट वायल्डर १८९१ मध्ये ब्रिटनला गेला, आणि त्याच्या भेटींमधून तेथील विद्यार्थ्यांचीही तशीच संघटना पुढच्या वर्षी उभी राहिली. १८९२ मध्येच त्याने नॉर्वेच्या हेलेन ओल्सन यांच्याशी विवाह केला आणि वर्षाअखेर तो हिंदुस्थानात परतला. काही काळ कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांत राहिल्यावर त्याने पुणे गाठले. ज्या माणसाने दोन हजार सह्या मिळवल्या होत्या तो आता इंग्रजी शिकलेल्या मूठभर पुणेकर तरुणांशी धर्म, शंका आणि श्रद्धा यांवर बोलण्यासाठी दिवस घालवू लागला.

ते पुणे कसले होते हे समजायचे तर गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनच्या आवारात उभे राहावे. १८८५ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा पेठेच्या गल्ल्यांतून अचानक समोर येतो. याच मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे करण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून फोडली आणि ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्ते घेतली गेली. एका कपाचे हे प्रकरण अजून थंड व्हायचे होते अशा शहरात वायल्डर येऊन राहिला, आणि त्याच्या दारात येणाऱ्या विद्यार्थ्याला पाण्याचा पेला पुढे करतानाही विचार करावा लागत असणार. त्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला, प्लेग आला, २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. येथे सह्यांच्या याद्या भरल्या नाहीत. प्रकृती ढासळल्याने १९०२ मध्ये त्याला हिंदुस्थान सोडावा लागला. त्यानंतरही तो विद्यार्थ्यांतच राहिला, १९१९ ते १९२७ या काळात त्या मूळ चळवळीचा सरचिटणीस झाला, आणि मार्च १९३८ मध्ये ओस्लो येथे वारला.

मोठमोठ्या आकड्यांमुळे नव्हे, तर या पुण्यातील वर्षांमुळे वायल्डर आपल्याला समजतो, असे सर का म्हणत ते मला मनोऱ्याखाली उभे असताना नीट उमगले. त्यांचे स्वतःचे सारे आयुष्य त्याच प्रकारच्या कामात गेले होते: एक विद्यार्थी, एक खोली, आणि उत्तराची घाई नाही.

पंचहौदला जायचे असेल तर रविवारची सकाळ टाळू नये, उपासनेला बसावे. एरवी गेल्यास फाटकावर विचारावे आणि आत लोक राहतात हे ध्यानात ठेवून छायाचित्रे काढावीत. गाडी पेठेत नेऊ नये.

बेतातील शेवटचा शब्द ‘चहा’ असल्याने संध्याकाळी आम्ही एका वसतिगृहात गेलो. सरांनी सुरू केलेला गट तेथे अजून बुधवारी भरतो. लोखंडी खाटांवर आणि जमिनीवर मिळून अकरा मुले बसली होती. त्यांतील तिघे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांपैकीच एक सर्वांत जास्त प्रश्न विचारत होता. कोल्हापूरचा एक अमेरिकन मुलगा ही गोष्ट त्यांना नवी होती. आम्ही कोल्हापुरात काय पाहिले ते सांगितले, दादाने प्रार्थना केली, आणि मग चहाची वेळ झाली तेव्हा कळले की कोपऱ्यातील किटली दोन आठवड्यांपासून जळालेली आहे आणि मुले समोरच्या टपरीवरून पिशवीत चहा आणतात. प्रथम वर्षाचा एक मुलगा संकोचाने कागदी कप वाटत होता.

ताईने त्याला जवळ बोलावले, नाव विचारले, महाविद्यालय विचारले. मग पर्समधून ती लाल वही काढून तिने सरांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि डाव्या रकान्यात त्याचे नाव लिहिले. उजव्या रकान्यात तिने लिहिले : ‘खोली ४२. घरची आठवण येते. किटली.’